शेवग्याचा पाला, शेंगदाण्याचं कूट आणि सेनेगलची गावं

गाजराच्या चौपट अ जीवनसत्त्व, दुधाच्या चौपट कॅल्शियम, संत्र्याच्या सातपट क जीवनसत्त्व, केळ्याच्या तिप्पट पोटॅशियम. शेवग्याच्या पाल्याबद्दलचा हा मजकूर तुमच्याही फोनवर कधी ना कधी आला असेल. आता तो पावडरीच्या डब्यांवरही छापलेला दिसतो आणि शेजारी 'तीनशे रोगांवर एकच उपाय' अशी पुस्ती जोडलेली असते. या आकड्यांच्या मागे गेलं की आपण पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलमध्ये पोचतो. तिथलं मूळ काम या जाहिरातींपेक्षा कितीतरी मोलाचं आहे.

1990 च्या दशकाच्या अखेरीस सेनेगलच्या दक्षिणेकडल्या कासामान्स भागात लोवेल फ्यूग्ली यांनी, चर्च वर्ल्ड सर्व्हिस या संस्थेतर्फे, कुपोषित मुलांना आणि गरोदर बायकांना शेवग्याचा पाला खायला द्यायचं काम सुरू केलं. झाड मूळचं आपल्याकडचं, हिमालयाच्या पायथ्याचं. पण सेनेगलमध्येही ते जुनंच आहे. वोलोफ भाषेत त्याला नेबेडाय म्हणतात आणि बाजरीच्या शिजवलेल्या रव्यावर त्याच्या पाल्याचं कालवण घालून खातात. म्हणजे नवीन झाड आणायचं नव्हतं, नवीन चवही शिकवायची नव्हती. पुढे अमेरिकेच्या पीस कोअर या सरकारी संस्थेचे स्वयंसेवक या कामात उतरले. दोन-दोन वर्षं गावातल्याच एखाद्या कुटुंबात राहायचं, तिथली भाषा शिकायची आणि बायकांच्या गटांबरोबर वाफे तयार करायचे, अशी त्यांची पद्धत. गावात ते तीन गोष्टी पुन्हा पुन्हा सांगतात: पाला सावलीत वाळवा, बारीक करा आणि तेलाबरोबर खा. या तीन वाक्यांमागे जे रसायनशास्त्र आहे ते मला फार आवडतं, त्यामुळे आता तिथेच थोडं रेंगाळूया.

पाल्यात अ जीवनसत्त्व नसतंच. असतं ते बीटा कॅरोटीन. चाळीस कार्बन अणूंचा हा लांबट रेणू दोन्ही बाजूंनी सारखा असतो. आपल्या लहान आतड्याच्या पेशींमधलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्याला बरोबर मधोमध कापतं आणि रेटिनालचे दोन रेणू हाती येतात. त्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं. हेच रेटिनाल डोळ्याच्या पडद्यात ऑप्सिन नावाच्या प्रथिनाला चिकटून बसतं. उजेडाचा एक कण आदळला की रेटिनालचा वाकडा रेणू सरळ होतो, त्या धक्क्याने प्रथिनाचा आकार बदलतो आणि मेंदूकडे संदेश निघतो. रेटिनाल कमी पडलं की आधी मंद उजेडातलं दिसणं जातं. रातांधळेपणा तो हाच.

आता बीटा कॅरोटीनच्या रेणूचा मधला भाग पाहा. तिथे एकाआड एक असे अकरा दुहेरी बंध ओळीने असतात. त्यांतले इलेक्ट्रॉन सबंध साखळीवर पसरलेले असल्यामुळे ते निळा प्रकाश शोषतात, आणि म्हणून कॅरोटीन आपल्याला नारिंगी दिसतं. पानात हा रंग हरितद्रव्याखाली झाकलेला असतो. पानाला कॅरोटीन लागतं ते स्वतःच्या बचावासाठी. भर उन्हात हरितद्रव्यापाशी ऑक्सिजनचा एक अतिक्रियाशील प्रकार तयार होतो. तो पेशी जाळण्याआधी कॅरोटीन त्याची ऊर्जा स्वतःकडे घेऊन उष्णतेच्या रूपात सोडून देतं. या झटापटीत त्याचे काही रेणू फुटतात, पण जिवंत पान नवे रेणू बनवत राहतं. पाला खुडून उन्हात पसरला की फुटणं चालू राहतं आणि भरपाई थांबते. कॅरोटीन उन्हात उडतं ते यामुळे, आणि सावलीत वाळवायचं तेही यामुळेच.

उरलेलं कॅरोटीन पोटात गेलं तरी रक्तात पोचेलच असं नाही. ते हरितलवकातल्या प्रथिनांमध्ये गुंतलेलं असतं आणि भोवती पेशीभित्तिका असते. चिरणं, शिजवणं, कुटणं यांनी ते मोकळं होतं. पण कॅरोटीन पाण्यात विरघळत नाही. तेलकट भांड्याला साबण जे करतो तेच काम आतड्यात पित्त करतं. ते स्निग्ध पदार्थाचे अतिसूक्ष्म गोळे बनवतं आणि त्या गोळ्यांत बसूनच कॅरोटीन आतड्याच्या पेशीपर्यंत जातं. जेवणात स्निग्धांश नसेल तर बरंचसं कॅरोटीन तसंच बाहेर पडतं. नेबेडायच्या कालवणात सेनेगलच्या बायका कुटलेला शेंगदाणा घालतात. आपणही शेवग्याच्या पाल्याच्या भाजीत कूट घालतोच की! दोन्हीकडच्या स्वयंपाकघरांनी ही अडचण परस्पर सोडवून ठेवली आहे.

तिथल्या बायकांची एक सवय मात्र स्वयंसेवकांना मोडावी लागली, ती पाला उकळून पाणी ओतून देण्याची. त्या पाण्याबरोबर कॅरोटीन जात नाही, पण क जीवनसत्त्व, फोलेट आणि पोटॅशियम जातं.

हा 'तेल हवं, बारीक हवं' मुद्दा केवळ तात्त्विक नाही. 1995 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात इंडोनेशियातला एक अभ्यास आला होता. स्तनदा मातांना रोज हिरव्या पालेभाज्या देऊनही त्यांच्या रक्तातलं अ जीवनसत्त्व वाढलं नाही. तेवढंच बीटा कॅरोटीन वेफर बिस्किटात घालून दिल्यावर मात्र वाढलं. मोठी खळबळ उडाली. 2004 मध्ये बांगलादेशातल्या पुरुषांना साठ दिवस मायाळूचा पाला शिजवून, बारीक करून दिला, तेव्हा त्यांच्या शरीरातला अ जीवनसत्त्वाचा साठा वाढलेला आढळला. आज अन्नातलं 12 मायक्रोग्रॅम बीटा कॅरोटीन म्हणजे 1 मायक्रोग्रॅम रेटिनॉल (तयार अ जीवनसत्त्व) असा हिशेब धरतात. पूर्वी 6 ला 1 धरत.

हाच हिशेब गाजराच्या चौपटीला लावून बघा. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यात 100 ग्रॅम ताज्या पाल्यात 378 मायक्रोग्रॅम रेटिनॉलइतकं अ जीवनसत्त्व आहे आणि गाजरात 835. म्हणजे गाजरच पुढे! हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यात मात्र पाल्यात 17 हजार मायक्रोग्रॅमच्या वर बीटा कॅरोटीन आहे, म्हणजे रेटिनॉलच्या भाषेत 1400 च्या पुढे. वाण, माती, हंगाम, पानाचं वय यांनी एवढा फरक पडतो. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे 400 लागतं. म्हणजे 20 ग्रॅम पाला त्याची पाचव्या हिश्श्यापासून जवळजवळ तीन चतुर्थांशापर्यंत गरज भागवेल. गरीब घरात हे फार मोठं काम आहे. त्याला चमत्कार म्हणायची गरज नाही.

पावडरीचे आकडे तर आणखी फसवे. पाल्यात सुमारे 78 टक्के पाणी असतं, ते काढलं की उरलेलं सगळं चौपट-पाचपट दिसतं. मग 'दुधाच्या सतरापट कॅल्शियम' म्हणायचं. पण पावडर आपण खातो चमचाभर, दूध पितो पेलाभर. तीनशे रोगांच्या दाव्याला तर काहीही आधार नाही. मधुमेहाच्या गोळ्या बंद करून कुणी ही पावडर सुरू करत असेल तर त्याला लगेच थांबवा.

आपल्याकडे दुसरं टोक आहे: दारात शेवगा लावू नये, घरात दारिद्र्य येतं. झाड ठिसूळ असतं, वाऱ्याने फांद्या मोडतात, खोडावर केसाळ सुरवंटांचे थवे बसतात, एवढं खरं आहे. त्यासाठी झाड भिंतीपासून लांब लावावं, तेवढं पुरे. कोकणात गोकुळाष्टमीला हौसेने याच पाल्याची भाजी करतात, आणि एरवी वर्षभर तो वाया जाऊ देतात, याचं मला वाईट वाटतं.

यात आपल्या लागवडीच्या पद्धतीचाही भाग आहे. आपण शेवगा वाढवतो तो शेंगांसाठी, त्यामुळे पाला हाताच्या बाहेर जातो. सेनेगलमधले स्वयंसेवक झाड उंच होऊच देत नाहीत. शेणखत घातलेल्या वाफ्यात वीतभर अंतरावर बिया टोकायच्या, रोपं कमरेएवढी झाली की गुडघ्याखाली छाटायची, आणि मग दर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा. छाटलं की शेंड्याकडून येणारं, बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवणारं ऑक्सिन नावाचं संप्रेरक बंद होतं आणि खालून चार-पाच कोवळे फुटवे निघतात. शेळ्या मोकळ्या फिरतात म्हणून कुंपण लागतं, आणि कोरड्या महिन्यांत विहिरीचं पाणी द्यावं लागतं. अंगणवाडीच्या परसबागेत असा एक वाफा सहज बसेल, आणि त्यातला पाला काढायला शिडी लागणार नाही.