हेडफोनची केबल किती खाते?

परवा एका मित्राचा मेसेज आला. सोबत एका केबलचा फोटो. चांदीसारखी चकाकणारी, आठ पदरांची, वेणी घातल्यासारखी विणलेली. किंमत त्याच्या हेडफोनपेक्षा जास्त. वर्णनात शुद्धतेचे नऊच नऊ (९९.९९९९ टक्के वगैरे) आणि शेवटी 'आवाजावरचा पडदा दूर होतो' असं वाक्य. त्याचा प्रश्न दोन शब्दांचा होता : "घेऊ का?" मी लिहिलं, "नाकापेक्षा मोती जड." त्यावर तो म्हणाला, "ते मलाही दिसतंय. फरक पडतो का ते सांग."

रास्त बोलला. म्हण म्हणजे काही मोजमाप नव्हे.

शाळेतली एकसर जोडणी आठवा. फोन किंवा अ‍ॅम्प्लिफायर हा स्रोत. तिथून एक तार कानापर्यंत जाते, मध्ये हेडफोनचा ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा भाग असतो आणि दुसरी तार परत येते. धारा सगळ्यांतून तीच वाहते, पण विभवांतराची वाटणी ज्याच्या त्याच्या रोधाप्रमाणे होते. ड्रायव्हरच्या वाट्याला येईल त्यातून आवाज निघतो, तारेच्या वाट्याला येईल ते उष्णता होऊन वाया जातं. केबल आवाजात पदरचं काही घालत नाही, ती फक्त खाते. किती खाते, एवढंच बघायचं.

हेडफोनसोबत येते तशी साधी केबल घेऊ. तारेचा छेद ०.०८ चौरस मिलिमीटर, लांबी १.२ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन २.४ मीटर. तांब्याची रोधकता १.६८ × १०⁻⁸ ओहम-मीटर. हिशेब केला की रोध अर्धा ओहम भरतो. हेडफोन ३२ ओहमचा असेल तर केबल दीड टक्का विभवांतर खाते, म्हणजे ०.१३ डेसिबल (आवाजाची पातळी मोजायचं एकक). हेडफोन ३०० ओहमचा असेल तर ०.०१ डेसिबल. कानाला एरवी १ डेसिबलचा फरक जेमतेम कळतो, फार सरावलेल्या कानाला त्याहून थोडा कमी. शिवाय रोध सगळ्या सुरांना सारखा असलेल्या हेडफोनमध्ये ही तूटही सगळ्या सुरांत सारखीच असते. खर्ज जेवढा घटतो तेवढंच तार सप्तक घटतं. आवाजाचं बटण केसभर पुढे सरकवलं की भरपाई झाली.

घरी मोजून बघायचं असेल तर एक सांगून ठेवतो. साध्या मल्टिमीटरच्या लाल-काळ्या वायरींचाच रोध ०.२-०.३ ओहम असतो. आधी ती दोन टोकं एकमेकांना टेकवून येणारा आकडा लिहून ठेवा आणि नंतर तो वजा करा. नाहीतर केबल मोजायला बसाल आणि मीटरच्याच वायरी मोजून उठाल. मी एकदा हे करून एका निर्दोष केबलला नावं ठेवली आहेत.

आता महागडी केबल हा अर्धा ओहम कमी कसा करणार? एक तर धातू चांगला वापरून, नाहीतर धातू जास्त वापरून. जाहिरात नेहमी पहिल्या उपायाची असते.

१९१३ मध्ये तांब्याच्या वाहकतेचं आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलं. तेव्हाच्या चांगल्या तांब्याला १०० टक्के धरलं गेलं. आजचं ऑक्सिजनमुक्त तांबं त्या मोजपट्टीवर १०१ टक्क्यांच्या आसपास येतं. म्हणजे फायदा एका टक्क्याचा. आणि इथे मला ज्याचं खरं वेड आहे ती गोष्ट येते. तांब्याचा रोध तापमान १ अंशाने वाढलं की ०.३९ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे केबल अडीच-तीन अंशांनी तापली की ऑक्सिजन काढल्याचा सगळा फायदा संपला. केबल शर्टाच्या आतून घेतली तरी एवढी तापते.

असं का होतं? तांब्यातले अणू ओळीने, जाळी विणल्यासारखे उभे असतात. ते अगदी स्थिर उभे राहिले असते आणि मध्ये परका अणू नसता, तर इलेक्ट्रॉन त्या जाळीतून न अडखळता गेले असते. अडखळण्याची कारणं दोन. एक, मध्येच घुसलेले परके अणू. दुसरं, उष्णतेमुळे जागच्या जागी थरथरणारे तांब्याचेच अणू. चाळीस माणसं ओळीत उभी आहेत आणि सगळीच हात-पाय हलवताहेत असं समजा. त्यांच्यामधून वाट काढताना तुम्हाला धक्के बसणारच. त्या गर्दीत एखादा अनोळखी माणूस आहे की नाही, याने कितीसा फरक पडेल? खोलीच्या तापमानाला तांब्याचा जवळजवळ सगळा रोध या थरथरीतून येतो, अशुद्धीचा वाटा नगण्य असतो. शुद्धतेचे नऊ चारावरून सहावर नेले तरी थरथर तेवढीच राहते. ती थांबवायची तर केबल द्रव हेलियममध्ये बुडवायला हवी, उणे २६९ अंशांना. तिथे मात्र शुद्ध आणि अशुद्ध तांब्यात प्रचंड तफावत पडते, कारण थरथर जवळपास विझलेली असते आणि रोध ठरवायला फक्त परके अणूच उरतात. धातूची शुद्धता तपासायला शास्त्रज्ञ खरोखरच असं करतात : खोलीच्या तापमानाचा रोध भागिले हेलियममधला रोध. पण उणे २६९ अंशांना गाणं ऐकायला कोण बसणार?

चांदीचं गणितही असंच. तिची रोधकता १.५९, तांब्याची १.६८. पाच टक्क्यांचा फरक. तांब्याची तार १४ अंशांनी गार केली की ती खोलीतल्या चांदीच्या बरोबरीला येते. किंवा तांब्याचीच तार व्यासाने तीन टक्के जाड घेतली तरी काम भागतं. वरच्या उदाहरणात चांदी घातली तर ३२ ओहमच्या हेडफोनवर फरक पडतो ०.००७ डेसिबलचा. तरीही ऐकणारे ठामपणे सांगतात की चांदीचा आवाज लखलखीत आणि तांब्याचा उबदार. ही विशेषणं धातूच्या रंगावरून आलीत हे उघड आहे. तारा काळ्या वेष्टनात घालून दिल्या असत्या तर ती कुठून आणली असती कोण जाणे.

काही केबलींवर बाण छापलेला असतो : प्रवाह या दिशेने. हे वाचून मला हसावं की रडावं कळत नाही. आवाजाचा संकेत ही प्रत्यावर्ती धारा, ती पुढे-मागे होते. बहुतेक हेडफोनमध्ये १ मिलिवॉटला आवाज चांगलाच मोठा होतो. ३२ ओहमच्या हेडफोनला एवढं द्यायचं तर तारेतून साडेपाच मिलिअँपिअर धारा जाते. आपल्या बारीक तारेत तेव्हा इलेक्ट्रॉनांची सरकण्याची सरासरी गती भरते सेकंदाला ५ मायक्रोमीटर. १००० हर्ट्झच्या सुरात तर दिशा सेकंदाला दोन हजार वेळा उलटते. म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा त्यांचा झोका फक्त दोन-सव्वादोन नॅनोमीटरचा, तांब्याचे जेमतेम आठ-नऊ अणू. जॅकमधला इलेक्ट्रॉन तुमच्या कानापर्यंत कधी येतच नाही, तो जागच्या जागी डुलतो. पोहोचते ती विद्युतक्षेत्राची लाट, आणि ती ही केबल ६-७ नॅनोसेकंदांत पार करते. अशा डुलणाऱ्याला बाण दाखवून काय उपयोग?

'केबल शंभर-दोनशे तास वाजवा, मग ती खुलते' हा उपदेशही याच जातीचा. बोटातल्या खड्याचा गुण यायला काही महिने लागतात, तसंच हे. तोवर केबल परत करायची मुदत संपलेली असते आणि कानाला तिची सवय झालेली असते.

धारिता, प्रेरकता आणि स्किन इफेक्ट ही तीन नावंही जाहिरातीत भेटतात. तिन्ही खरी आहेत, पण इथे गैरलागू. स्किन इफेक्टचंच घ्या. वारंवारता वाढली की धारा तारेच्या कडेकडेने वाहू लागते हे खरं. पण २०,००० हर्ट्झला तांब्यात तिची खोली ०.४६ मिलिमीटर असते आणि आपल्या तारेची त्रिज्याच ०.१६. कडेला जायला आत जागाच नाही.

मग केबलने कधीच फरक पडत नाही? पडतो, आणि तो मोजता येतो. मात्र मामला महागड्या-स्वस्ताचा नाही.

आतापर्यंत मी हेडफोनचा रोध जणू एकच आकडा आहे असं धरून चाललो. खोक्यावर छापतात तोही एकच आकडा. प्रत्यक्षात तो वारंवारतेप्रमाणे बदलतो. (त्याला खरं तर प्रतिबाधा म्हणायला हवं, पण तो शब्द वाचूनच लोक लेख मिटतात.) कानाच्या आत बसणाऱ्या काही इअरफोनांमध्ये एकेका बाजूला तीन-चार इवले ड्रायव्हर असतात. त्यांत हा आकडा एके ठिकाणी ६ ओहम आणि दुसरीकडे ४० ओहम असा हेलकावतो. आता तीच वाटणी पुन्हा करा. अर्ध्या ओहमची केबल ६ ओहमच्या जागी ०.७ डेसिबल खाते आणि ४० ओहमच्या जागी ०.१. तूट सारखी राहिली नाही. काही सूर दबले, काही तसेच राहिले, म्हणजे आवाजाचा तोल बदलला. केबल १ ओहमची असेल तर तफावत १.१ डेसिबलवर जाते. हे कानाला कळू शकतं.

आणि उपाय? जाड तार. साधं तांबं, पण जास्त. केबलचा रोध ०.१५ ओहमवर आणला की तफावत ०.२ डेसिबलच्या आत येते. उलट एखादी नाजूक, केसासारखी तलम, शुद्ध चांदीची महागडी केबल इथे साध्या जाड केबलपेक्षा वाईट ठरते. तिने आवाज बदलतो हे खरं असतं, फक्त सुधारतो हे खरं नसतं. याहून मोठा चोर दुसरीकडे आहे : ज्या यंत्रात जॅक खुपसता त्याचा स्वतःचा आतला रोध. काही यंत्रांत तो १० ओहमचा असतो. या इअरफोनला तशा यंत्रावर लावलं तर तफावत साडेसहा डेसिबलची होते. तिथे केबल बदलणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

दुसरी खरी गोष्ट सामायिक परतीच्या तारेची. साध्या तीन कड्यांच्या जॅकमध्ये डाव्या आणि उजव्या बाजूची परत येणारी धारा एकाच कड्यातून जाते. काही केबलींत पुढेही बराच पल्ला दोघांना मिळून एकच तार असते. तिच्या रोधामुळे डाव्या कानातलं थोडंसं उजव्या कानात झिरपतं. तार पाव ओहमची आणि हेडफोन ३२ ओहमचा असेल तर झिरपा उणे ४२ डेसिबलचा. गाणं चालू असताना तो ऐकू येणं अवघड, पण यंत्रावर स्पष्ट दिसतो. म्हणून दोन्ही बाजूंना स्वतंत्र परतीची तार असलेली केबल तत्त्वतः चांगलीच. मात्र वेगळ्या 'बॅलन्स्ड' जॅकची केबल लावून "अहाहा" म्हणणाऱ्यांनी एक तपासावं. बऱ्याच यंत्रांत त्या जॅकला दुप्पट विभवांतर मिळतं, म्हणजे आवाज ६ डेसिबलने मोठा होतो. आणि मोठा आवाज आपल्याला नेहमीच जास्त भरदार वाटतो.

फरक ऐकू आला म्हणणारे खोटं बोलतात असं मी म्हणत नाही. केबल बदलायला हेडफोन डोक्यावरून काढावा लागतो आणि परत घालताना तो काही मिलिमीटर इकडे-तिकडे बसतो. तेवढ्यानेही वरच्या सुरांत काही डेसिबलचा बदल होतो. फरक खरा असतो, श्रेय चुकीच्या वस्तूला जातं. म्हणून दुसऱ्या कुणाला तरी केबल बदलायला सांगावं, कोणती लावली ते त्याने बोलू नये, आवाजाची पातळी मीटरने जुळवून घ्यावी आणि असं १६ वेळा करावं. नुसत्या अंदाजाने १२ किंवा जास्त वेळा बरोबर येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी आहे, तेव्हा १२ जमले तर बोलू. २००७ मध्ये जेम्स रँडी या जादूगाराने स्पीकरच्या एका अतिमहागड्या केबलबाबत असंच आव्हान दिलं होतं : न बघता ओळखून दाखवा आणि १० लाख डॉलर न्या. ती चाचणी झालीच नाही.

चार पैसे जास्त द्यायचेच असतील तर ते मऊपणाला द्या. कडक केबल कपड्यांवर घासली की तिची खरखर थेट कानात येते, लहानपणी काडेपेट्या आणि दोऱ्याचा टेलिफोन चालायचा तशी. आणि जॅकच्या मानेशी भक्कम आवरण असलेली केबल घ्या, कारण केबल मरते ती तिथेच.

मित्राचीही तिथेच मेली होती. "पडदा" वगैरे काही नव्हतं. जॅक हलवला की डावी बाजू जायची आणि म्हणून त्याला नवी केबल हवी होती. आम्ही मानेपासून दोन बोटं तार कापली. आतून लाल, हिरव्या आणि तांबूस तारांचे केसासारखे झुबके निघाले, सोबत बळकटीचा पांढरा दोरा. त्या तारांवर रंगीत लाखेचं वेष्टन असतं आणि ते जाळल्याशिवाय कथील धरत नाही. पहिल्यांदा दुरुस्ती करणारे इथेच फसतात. सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर कथलाचा थेंब घेऊन त्यात तार बुडवून धरली. बारीक धूर निघाला, वास आला आणि हिरवी तार टोकाशी चंदेरी झाली. नवा जॅक लावला, मीटर लावला (वायरींचा रोध वजा करून) : ०.४८ ओहम. दोन सेंटिमीटर कमी भरल्यामुळे असेल, असं तो म्हणाला. म्हटलं, तेवढ्याने एवढं होत नाही, पण असू दे.