केमोनंतरचा विसर : तुलना कोणाशी?

कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईत चार गिऱ्हाइकांचा हिशेब एका दमात तोंडी करणारी बाई हमखास भेटते. पाव किलो गवारी, मेथीच्या दोन पेंड्या, मागच्या बाजाराचे राहिलेले दहा रुपये, सगळं डोक्यात. अशीच एखादी स्तनाच्या कर्करोगातून उठते आणि सांगू लागते, "केमो झाल्यापास्नं काय ध्यानातच राहीना बघा." घरचे म्हणतात टेन्शन असंल, वय झालं, रक्त कमी पडलं.

डॉक्टरही बराच काळ हेच म्हणत. केमोची बहुतेक औषधं रक्तातून मेंदूत फारशी शिरत नाहीत, असा समज होता. अमेरिकेत सिल्बरफार्ब आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्येच लिहिलं होतं की केमो घेणाऱ्यांची ही अडचण नुसत्या उदासीनं येत नाही. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. तेव्हा प्रश्न जगण्या-मरण्याचा होता. मिलानच्या बोनाडोना यांनी १९७६ मध्ये ऑपरेशननंतरच्या केमोचा फायदा दाखवला, तसा हा उपचार रूढ झाला. बायका बऱ्या होऊन कामावर परतल्या, आणि मग विसराची तक्रार ऐकू येऊ लागली.

१९९५ मध्ये विनेके आणि डिन्स्ट यांनी केमो झालेल्या २८ जणींची तपासणी केली. स्मरण, लक्ष अशा चाचण्यांपैकी निदान एकीत तीन चतुर्थांश जणी मागे पडल्या. आकडा मोठा, पण तुलना सर्वसाधारण लोकांशी, आणि केमोच्या आधी त्या कशा होत्या याची नोंदच नाही. १९९८ मध्ये नेदरलँड्समध्ये व्हान डॅम यांच्या गटानं रुग्णांचीच रुग्णांशी तुलना केली: जास्त मात्रेची केमो घेतलेल्या ३२ टक्के, नेहमीच्या मात्रेच्या १७ टक्के आणि केमो न घेतलेल्या ९ टक्के जणींत स्मरण-विचारांत दोष आढळला.

माझ्या मते खरा धक्का २००४ चा. ह्यूस्टनमध्ये वेफेल आणि सहकाऱ्यांनी अवघ्या १८ जणींना केमोच्या आधीच तपासलं. एक तृतीयांश जणी तेव्हाच कमी पडत होत्या! म्हणजे सगळं पाप केमोचं नव्हे. आजार, झोप आणि चिंता यांचाही त्यात वाटा असावा. पण नंतर ६१ टक्के जणी स्वतःच्याच आधीच्या गुणांपेक्षा घसरल्या. वर्षभरात त्यांतल्या साधारण निम्म्या सुधारल्या.

पुढं २०१८ च्या अखेरीस स्टॅनफर्डमध्ये मिशेल मोन्जे यांच्या गटानं उंदरांवर दाखवलं, की मेथोट्रेक्सेट या केमोच्या औषधामुळे मेंदूतल्या मायक्रोग्लिया, म्हणजे तिथल्या रोगप्रतिकारक पेशी, बिथरतात आणि मज्जातंतूंवरचं आवरण बिघडतं. स्तनाच्या कर्करोगाच्या जुन्या सीएमएफ या तीन औषधांच्या केमोतलं 'एम' म्हणजे हेच औषध.

त्याआधी २०११ मध्ये संशोधकांच्या एका आंतरराष्ट्रीय गटानं हा विसर मोजायला ठरावीक चाचण्या सुचवल्या. त्यांतली एक : मिनिटभरात एकाच अक्षरानं सुरू होणारे शब्द सांगा. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला ते केमोशिवायही जड जाईल. उलट दहा गिऱ्हाइकांचा हिशेब सांभाळणारी आता पाचच सांभाळत असेल, तर कागदावर ती 'नॉर्मल'च निघते. तिचं आधीचं डोकं कसं चालायचं हे ठाऊक असतं फक्त शेजारच्या पाटीवालीला, आणि तिला कोण विचारतंय?