बिग बॉस दोनदा कसा मेला? ‘मेटल गिअर’ आणि त्याच्या पूर्वकथांमधल्या विसंगतींची पार्श्वभूमी

२०२५ च्या गणेशोत्सवात, ऋषिपंचमीला, म्हणजे २८ ऑगस्टला, ‘मेटल गिअर सॉलिड डेल्टा : स्नेक ईटर’ हा व्हिडिओ गेम बाजारात आला. सुदामा नगरात राहणाऱ्या माझ्या पुतण्याने अनंत चतुर्दशीच्या आत तो संपवलासुद्धा. अख्खं इंदूर झांक्या बघायला रस्त्यावर उतरलं होतं, तेव्हा हा आमच्या रामबागेतल्या घरी बसून १९८७ चा मूळ ‘मेटल गिअर’ खेळत होता. जुने भाग एकत्र देणारा संच २०२३ मध्ये निघाला, त्यातला. तास-दीड तासाने त्याने विचारलं, “काका, डेल्टाच्या शेवटी कबरीसमोर सलाम करताना ज्याच्या डोळ्यात पाणी येतं तो स्नेक, आणि इथे रेडिओवरून मला फसवणारा हा बिग बॉस, दोघं एकच कसे?”

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर गोष्टीच्या आत शोधून मिळत नाही. गोष्टीचा कोणता तुकडा कोणत्या साली, कशासाठी लिहिला गेला ते पाहावं लागतं. मल्हारराव पानिपतातून कसे परतले, यावर इंदूरच्या मराठी घरांतून अजून वाद होतात. तिथेही आधी हेच विचारतात, की ही बखर कधीची आणि कोणासाठी लिहिलेली? इथेही तीच रीत बरी. पुढे सगळ्या भागांचे शेवट सांगितले आहेत, ज्यांना स्वतः खेळून कळायला हवेत त्यांनी इथेच थांबावं.

हिदेओ कोजिमा १९८६ मध्ये कोनामीत लागले आणि पुढच्याच वर्षी जुलैत त्यांचा पहिला गेम आला. यंत्र होतं एमएसएक्स २, घरगुती संगणक. पडद्यावर बरेच शत्रू आणि बऱ्याच गोळ्या एकदम दाखवायच्या म्हटलं की त्या यंत्राला ते झेपत नसे. मग लढण्याऐवजी लपण्याचा गेम केला. यंत्राच्या अडचणीतून एक अख्खा प्रकार जन्माला आला. कथेलाही तितकीच जागा मिळाली. साल १९९५, दक्षिण आफ्रिकेतला ‘आउटर हेवन’ नावाचा किल्ला, आत अण्वस्त्र डागणारा चालता रणगाडा, आणि त्याचा नाश करायला पाठवलेला नवशिका सॉलिड स्नेक. त्याचा वरिष्ठ बिग बॉस रेडिओवरून सूचना देतो, आणि शेवटी कळतं की किल्ल्याचा मालकही तोच. मध्येच तो खेळणाऱ्याला मशीन बंद करायला सांगतो, इतका तो घाबरलेला असतो.

त्या वेळी बिग बॉस म्हणजे एवढंच होतं. एक कलाटणी. त्याला गुरू नव्हता, तारुण्य नव्हतं, दुःख नव्हतं. ज्याच्या शब्दावर आपण चालतो तोच दगा देतो, एवढा धक्का देण्यापुरता तो लिहिला होता, आणि त्या कामाला तो पुरेसा होता. पुढची सगळी गुंतागुंत या पोकळ जागेतून सुरू होते, आणि मला तरी यात लेखकाचा दोष दिसत नाही. तीस वर्षं हे पात्र चालेल, हे १९८७ मध्ये कोणाला ठाऊक असणार?

१९९० मध्ये ‘मेटल गिअर २ : सॉलिड स्नेक’ आला. खरं तर तो निघणारच नव्हता. कंपनीतली दुसरी तुकडी परदेशातल्या बाजारासाठी वेगळाच पुढचा भाग करत होती. त्या तुकडीतला एक सहकारी कोजिमांना आगगाडीत भेटला आणि म्हणाला, खरा पुढचा भाग तुम्हीच करा. तो झाला. कथा १९९९ मधली, जागा झांझिबारलँड, आणि समोर पुन्हा बिग बॉस. चार वर्षांपूर्वी स्नेकच्या हातून मेलेला माणूस वाचला कसा? त्या काळी खलनायक परत येत, लोक ते मान्य करत. पहिल्या गेमच्या अखेरीसच ‘मी मेलो नाही’ असा इशारा देऊन ठेवलेला होता. स्नेक त्याला या वेळी लायटर आणि स्प्रेच्या डब्याने जाळतो आणि प्रकरण संपतं.

पण हा दुसरा गेम त्या वेळी फक्त जपानात, फक्त जपानी भाषेत निघाला. अधिकृत इंग्रजी रूप २००६ मध्ये, ‘स्नेक ईटर’च्या वाढीव आवृत्तीसोबत आलं. म्हणजे सोळा वर्षं जपानबाहेरच्या बहुतेकांसाठी तो भाग ऐकीव होता. माझ्यासाठीही. मी या मालिकेत शिरलो तो १९९८ च्या ‘मेटल गिअर सॉलिड’मधून, त्याची पीसीवरची आवृत्ती आल्यानंतर. जेल रोडच्या बाजूने सीडी आणली होती. मध्य प्रदेशात तेव्हा विजेची फार ओढाताण होती, खेळ सेव्ह करायच्या आत दिवे जायचे आणि तोच जिना पुन्हा चढावा लागायचा. मागच्या दोन भागांचा गोषवारा त्या गेममध्येच वाचायला दिलेला होता. डिक्शनरी मांडीवर घेऊन मी तो वाचला आणि पुढची कित्येक वर्षं तीच खरी कथा समजून चाललो. विसंगती टोचायला लागली ती नंतर, मूळ गेम हाती आल्यावर.

१९९८ चा भाग अलास्कातल्या शॅडो मोझेस बेटावर, २००५ मध्ये घडतो. कोजिमांनी इथे पहिल्यांदा मागे वळून बघितलं. स्नेक आणि त्याचा वैरी लिक्विड हे १९७२ मध्ये बिग बॉसच्या पेशींपासून बनवलेले क्लोन ठरले. म्हणजे कलाटणीपुरता लिहिलेला माणूस आता नायक आणि खलनायक दोघांचा बाप झाला. बाप म्हटला की त्याचा भूतकाळ लागतोच. पूर्वकथेची गरज इथे निर्माण झाली.

ती आली २००४ मध्ये, ‘स्नेक ईटर’ या नावाने, आणि डेल्टा हे तिचंच नवं रूप आहे. १९६४, सोव्हिएत जंगल, तरुण नेकेड स्नेक (सॉलिड स्नेक नव्हे), आणि त्याला घडवणारी त्याची गुरू ‘द बॉस’. देशाच्या हुकमावरून त्याला तिलाच मारावं लागतं, आणि मगच त्याला बिग बॉस ही पदवी मिळते. माझ्या मते या मालिकेतलं हे सर्वांत उत्तम लेखन आहे. या गेमला स्वतःच्या मागच्यापुढच्या संगतीची किती काळजी होती याचा एक पुरावा त्यातच आहे. ऑसेलॉट हा तरुण सोव्हिएत अधिकारी बेशुद्ध पडलेला असताना खेळणाऱ्याने त्याला मारून टाकलं, तर खेळ तिथेच संपतो आणि पडद्यावर कालविसंगतीचा शेरा येतो. कर्नल ओरडून सांगतो की भविष्य बदलेल. कारण ऑसेलॉट १९९८ च्या गेममध्ये जिवंत हवा आहे. पात्रांच्या जन्ममृत्यूच्या नोंदी इतक्या जपल्या होत्या.

तारखा जुळल्या, माणूस जुळला नाही. पुतण्याचा प्रश्न नेमका तिथला आहे. १९६४ मधला स्नेक सरकारकडून दुखावलेला, हळवा सैनिक आहे. १९८७ मध्ये लिहिलेला बिग बॉस नवशिक्याला मरणाच्या तोंडी देणारा कपटी म्हातारा आहे. या दोहोंमधला प्रवास दाखवायची जबाबदारी पुढच्या पूर्वकथांवर आली, आणि त्या प्रत्येकीने तो आणखी थोडा पुढे ढकलला.

त्याआधी २००८ चा चौथा भाग. त्याने एक वेगळंच ओझं पूर्वकथेवर टाकलं. १९६४ मध्ये रेडिओवरून स्नेकला मदत करणारी मंडळी, म्हणजे मेजर झीरो, सिजिंट आणि पॅरामेडिक, हीच जगाला पडद्याआडून चालवणाऱ्या ‘पॅट्रियट्स’ची संस्थापक निघाली. सिजिंट म्हणजे १९९८ च्या गेममध्ये ऑसेलॉटच्या छळात मरणारा डोनाल्ड अँडरसन. हा सांधा बऱ्यापैकी बसतो, कारण तेव्हा अपघात वाटलेला तो मृत्यू आता मुद्दाम केलेला खून ठरतो आणि आधीचा प्रसंग आणखी भेदक होतो. पॅरामेडिकचं मात्र बसत नाही. खेळ सेव्ह करताना जुन्या राक्षसपटांच्या गोष्टी उत्साहाने सांगणारी ही डॉक्टर पुढे सॉलिड स्नेकचा जुना सहकारी ग्रे फॉक्स याच्यावर अघोरी प्रयोग करणारी डॉ. क्लार्क होते. का, कधी, कशामुळे, ते कुठेच येत नाही. शिवाय १९९८ च्या इंग्रजी आवृत्तीत डॉ. क्लार्कचा उल्लेख पुरुष म्हणून झाला होता. जपानीत सर्वनाम गाळून वाक्य सहज पुढे जातं; इंग्रजीत ‘ही’ की ‘शी’ ते ठरवावंच लागतं. मराठीत तर क्रियापदसुद्धा लिंग उघड करतं. अनुवादकाने दहा वर्षं आधी एक बाजू निवडली आणि मूळ लेखकाने नंतर दुसरी.

यंत्रांची विसंगती याहून ढोबळ आहे. १९८७ च्या गेममध्ये १९९५ सालचा चालता रणगाडा टीएक्स-५५ हा अभूतपूर्व शोध आहे, सगळी मोहीम त्याच्यासाठी. ‘स्नेक ईटर’ने ही मर्यादा मानली होती. तिथलं युद्धयंत्र शागोहॉड पायांवर चालत नाही, आणि चालणाऱ्या रणगाड्याची कल्पना फक्त ग्रानिन नावाच्या दारुड्या शास्त्रज्ञाच्या कागदावर आहे. पण २०१० च्या ‘पीस वॉकर’मध्ये, १९७४ साली, बिग बॉसच्याच तळावर दोन पायांचा ‘झीक’ उभा राहतो. २०१५ च्या भागात, १९८४ साली, ‘साहेलॅन्थ्रोपस’ ताठ उभा राहून धावतो. त्याच्यापुढे १९९५ चा बुटका टीएक्स-५५ मागासलेला वाटतो. कारण सरळ आहे. मालिकेचं नावच त्या यंत्रावरून पडलंय, प्रत्येक नव्या भागात ते असायलाच हवं, आणि नव्या कन्सोलवर ते आधीच्याहून भव्य दिसायला हवं. कथेत साल मागे जातं, बाजारात पुढे. सगळ्याच पूर्वकथांना ही कात्री लागते, पण युद्धयंत्राभोवती फिरणाऱ्या मालिकेला जास्त.

आता २०१५ चा ‘द फँटम पेन’. १९९५ मध्ये मेलेला बिग बॉस १९९९ मध्ये जिवंत कसा, या पंचवीस वर्षं जुन्या भोकाला कोजिमांनी अखेर हात घातला. उत्तरासाठी मराठीत एक तयार शब्द आहे: तोतया. आपण संपूर्ण गेमभर ज्याला बिग बॉस समजून चालवतो तो मुळात त्याचा एक वैद्यकीय सहकारी आहे. हेलिकॉप्टरच्या स्फोटात त्याने बिग बॉसला आपल्या अंगाने झाकलं, मग नऊ वर्षं तो बेशुद्ध होता, आणि त्या काळात त्याचा चेहरा व स्मृती बदलून त्याला दुसरा बिग बॉस केलं गेलं. आउटर हेवनमध्ये १९९५ साली मेला तो हा. झांझिबारलँडमध्ये जळाला तो खरा.

पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा जो तोतया निघाला, त्याच्यावर कित्येकांनी वर्षानुवर्षं विश्वास ठेवला. १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. लोकांनी विश्वास ठेवला, कारण भाऊंसारखा माणूस असा हरवून जावा हे त्यांना सोसत नव्हतं. गेममधला तोतया त्याच्या अगदी उलट्या वाटेने येतो. तो स्वतः फसवत नाही, त्यालाच फसवलं जातं, आणि खरा धनी त्याच्या आड लपून आपलं राज्य उभारतो. हे कळलं तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं, त्या सहकाऱ्यासाठी. बिग बॉसचं काळीज कसं बदललं याचा जो दुवा २००४ पासून हवा होता, तो थोडाफार इथेच मिळतो. ज्याने आपला जीव वाचवला त्यालाच ढाल म्हणून वापरणारा माणूस पुढे नवशिक्या स्नेकला मरायला पाठवू शकतो, हे पटतं.

सगळं मात्र जुळत नाही. १९९० चा गेम लिहिताना तोतया अस्तित्वात नव्हता, त्यामुळे तिथे बिग बॉस आणि स्नेक एकमेकांशी आउटर हेवनचे जुने शत्रू म्हणूनच बोलतात. लहानपणीचा लिक्विड आणि मनकवडा मँटिस १९८४ मध्ये एकत्र दिसतात, तर १९९८ च्या गेममध्ये मँटिस आपली जन्मकथा सांगताना त्या काळाबद्दल चकार शब्द काढत नाही. लिक्विड साहेलॅन्थ्रोपस घेऊन पळतो आणि त्याचं पुढे काय होतं हे सांगणारी मोहीम पूर्णच झाली नाही; विशेष आवृत्तीच्या जोड-डिस्कवर तिचे अर्धवट तुकडे पाहायला मिळतात. कोजिमा त्याच वर्षाच्या अखेरीस कोनामीतून बाहेर पडले. १९८४ ते १९९५ ही अकरा वर्षं त्यामुळे अंधारातच राहिली, आणि ज्या आउटर हेवनपासून सगळं सुरू झालं त्याचा शेवट तोतयाच्या बाजूने आपल्याला कधी बघायलाच मिळाला नाही. मला हे सर्वांत जास्त लागतं. सालांची चूक माफ करता येते, न लिहिलेलं प्रकरण भरून काढता येत नाही.

डेल्टा कोनामीने व्हर्च्युओस या स्टुडिओसोबत, कोजिमांशिवाय केला. चित्रं नवी, आवाज बहुतेक २००४ चेच, कथेला हात लावलेला नाही. म्हणून आज पहिल्यांदा खेळणाऱ्या पोराच्या हातात पूर्वकथा आधी पडते आणि मूळ गेम नंतर, आणि माझ्या पिढीला जे कोडं उलट्या बाजूने पडलं होतं ते त्याला सुलट्या बाजूने पडतं. मी पुतण्याला सांगितलं, की गोष्टीतल्या सालांप्रमाणे जाऊ नकोस, गेम ज्या वर्षी निघाला त्या क्रमाने जा.

आता तो १९९० च्या भागात, झांझिबारलँडमध्ये आहे. लवकरच बिग बॉस समोर येईल आणि युद्धाखेरीज आपल्याला दुसरी जागा नाही, असं काहीसं सांगेल. ते बोलणाऱ्याला ‘द बॉस’ माहीत नाही, ती आणखी चौदा वर्षांनी लिहिली जाणार होती. पुतण्याला ती माहीत आहे.