रॉ फाइल विकसनासाठी सॉफ्टवेअरची निवड

डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवर पडलेल्या उजेडाची कच्ची मोजमापे ज्या फाइलमध्ये साठवलेली असतात ती रॉ फाइल. तिच्यातून पाहण्याजोगे, छापण्याजोगे चित्र काढण्याच्या कामाला रॉ विकसन म्हणतात आणि ते करणारे सॉफ्टवेअर म्हणजे रॉ कन्व्हर्टर. एकच फाइल दोन कन्व्हर्टरमध्ये उघडली की रंग, सावल्यांतला तपशील आणि नॉइज (चित्रातले दाणेदार ठिपके) यांत उघड दिसेल इतका फरक पडतो. त्यामुळे कन्व्हर्टर निवडताना दुसऱ्याच्या शिफारशीपेक्षा आपला कॅमेरा कोणता आणि आपण टिपतो काय, याला महत्त्व द्यावे लागते. नाशिक जिल्ह्यात टिपण्यासारखे जे आहे, म्हणजे येवल्याची पैठणी, रामकुंडावरची सायंआरती, काळारामाचे काळ्या पाषाणाचे मंदिर, नांदूरमध्यमेश्वरचे पक्षी, लग्नघरची हळद, त्यातला प्रत्येक विषय कन्व्हर्टरची कुठली ना कुठली कच्ची बाजू उघडी पाडतो. या नोंदीतली उदाहरणे म्हणूनच याच परिसरातली आहेत.

रॉ फाइलमध्ये काय असते

बहुतेक सेन्सरवर कोडॅकमधील ब्राइस बायर यांनी रचलेली रंगगाळणी असते. तिचे अमेरिकी पेटंट १९७६ चे आहे. चार प्रकाशबिंदूंच्या प्रत्येक चौकटीत दोन हिरवे, एक तांबडा आणि एक निळा अशी ही रचना असते. एका बिंदूला एकाच रंगाचे माप ठाऊक असते आणि उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून हिशेबाने भरावे लागतात. या हिशेबाला डिमोझेकिंग म्हणतात. तो करण्याची प्रत्येक सॉफ्टवेअरची तऱ्हा वेगळी असते. फुजीफिल्मच्या अनेक कॅमेऱ्यांत बायरऐवजी ६×६ बिंदूंची एक्स-ट्रान्स मांडणी असते. त्या फाइलींसाठी हा हिशेब जास्त किचकट होतो, आणि बायरवर उत्तम चालणारे सॉफ्टवेअर तिथे झाडाची पाने आणि गवत मेणचटल्यासारखे दाखवू शकते.

१२ बिटच्या रॉमध्ये प्रत्येक बिंदूसाठी ४,०९६ पायऱ्या असतात, १४ बिटमध्ये १६,३८४. जेपेगमध्ये त्या २५६ उरतात. सेन्सरचे माप सरळ प्रमाणात असल्यामुळे १४ बिटमधल्या ८,१९२ पायऱ्या एकट्या सर्वांत उजळ स्टॉपला (एक स्टॉप म्हणजे उजेडाची दुप्पट किंवा निम्मी पायरी) जातात, तर वरून सहाव्या स्टॉपच्या वाट्याला जेमतेम २५६ येतात. भर दुपारी काळारामाच्या आवारातला उन्हाचा भाग सांभाळून एक्स्पोजर दिले, की सावलीतला पाषाण नेमका या खालच्या पायऱ्यांवर बसतो. तो उजळताना दगडाची ठेवण टिकते की नुसता जांभळट नॉइज वर येतो, हे बऱ्याच अंशी कन्व्हर्टरवर ठरते.

पहिला प्रश्न: फाइल उघडते का

इतर सगळ्या गुणांच्या आधी हे तपासावे, आणि तपासताना कंपनीचे नाव पुरत नाही. कॅमेऱ्याचे नेमके मॉडेल आणि त्यात निवडलेला रॉचा प्रकार या दोन्ही गोष्टी पाहाव्या लागतात. कॅननने २०१८ मध्ये ईओएस एम५० बरोबर सीआर२ हा रॉचा प्रकार सोडून सीआर३ आणला. डार्कटेबल या मुक्त, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेल्या, सॉफ्टवेअरमध्ये त्या फाइली उघडू लागायला २०२१ चा डिसेंबर उजाडला. निकॉनच्या झेड९ मध्ये, तोही २०२१ चाच, ‘हाय एफिशियन्सी’ नावाचे कॉम्प्रेशन आहे. फाइल एनईएफच (निकॉनची नेहमीची रॉ) असते, पण मुक्त सॉफ्टवेअरमध्ये ती उघडेलच असे धरून चालू नये. अशा कॅमेऱ्यावर मुक्त सॉफ्टवेअर वापरायचे असेल तर मेनूत ‘लॉसलेस कॉम्प्रेस्ड’ निवडणे हा सुरक्षित मार्ग आहे.

नवा कॅमेरा जुन्या आवृत्तीत चालत नाही याचे कारण साधे आहे. सॉफ्टवेअरला त्या सेन्सरची काळी पातळी, पांढरी पातळी आणि रंगांचे कोष्टक माहीत असावे लागते. ते नसले तर फाइल उघडतच नाही, किंवा उघडून सगळे चित्र किरमिजी दिसते. अडोबी कंपनीच्या लाइटरूमची ६ ही एकदाच पैसे भरून मिळणारी शेवटची आवृत्ती २०१५ ची, आणि तिला नव्या कॅमेऱ्यांची भर २०१७ अखेर थांबली. अशा जुन्या आवृत्तीवर काम करणाऱ्यांसाठी अडोबीचा मोफत डीएनजी कन्व्हर्टर उपयोगी पडतो. त्यातून रॉचे डीएनजी (अडोबीचा सामायिक रॉ प्रकार) करायचे आणि ते जुन्या आवृत्तीत उघडायचे. मात्र मूळ फाइली पुसू नयेत. कॅननचे डिजिटल फोटो प्रोफेशनल आणि निकॉनचे एनएक्स स्टुडिओ डीएनजी उघडत नाहीत, त्यामुळे परतीची वाट बंद होते.

उपलब्ध सॉफ्टवेअर

कॅमेरा कंपन्यांची सॉफ्टवेअर मोफत मिळतात आणि कॅमेऱ्याच्या जेपेगसारखाच रंग देतात. ‘स्क्रीनवर जसे दिसले तसे’ हवे असेल तर सुरुवात इथूनच करावी. वेग हा त्यांचा दुबळा भाग आहे. फुजीफिल्मचे एक्स रॉ स्टुडिओ तर संगणकाऐवजी कॅमेऱ्याच्याच प्रोसेसरवर चालते, म्हणून फाइल ज्या मॉडेलची असेल तो कॅमेरा यूएसबीने जोडून ठेवावा लागतो.

लाइटरूम क्लासिक लग्नाच्या कामात सर्वाधिक सोयीचे पडते. तीन हजार रॉ, प्रत्येकी ३० एमबी धरल्या तरी ९० जीबी होतात. एवढ्या ढिगाची छाननी, एकाची सेटिंग शेकडो फोटोंना लावणे, की-वर्ड, एक्स्पोर्ट हे सगळे एका ठिकाणी होते. आजचे परवाने वर्गणीचे आहेत. वर्गणी संपल्यावर फोटो पाहता आणि एक्स्पोर्ट करता येतात, पण डेव्हलप मॉड्यूल, म्हणजे फोटोवर काम करण्याचा भाग, बंद होते. दर महिन्याची कमाई हंगामावर अवलंबून असलेल्याने हा मुद्दा आधी तपासावा.

कॅप्चर वन हे डेन्मार्कच्या फेज वनच्या घरातून आले. कॅमेरा केबलने जोडून चित्र थेट पडद्यावर घेणे, म्हणजे टेदरिंग, ही त्याची जमेची बाजू आहे. सराफ बाजारातल्या दागिन्यांचे कॅटलॉग करताना नथीतला एकेक मोती फोकसमध्ये आहे का, हे मालक शेजारी उभा असतानाच दिसते. तेवढ्या एका सोयीसाठी हे सॉफ्टवेअर घेणे योग्य ठरू शकते.

डीएक्सओ फोटोलॅब नॉइज काढण्यात आणि लेन्सचे दोष सुधारण्यात अव्वल आहे. आपल्या कॅमेरा-लेन्स जोडीचे मॉड्यूल त्यांच्या यादीत असेल तरच त्याचा पुरा लाभ मिळतो.

मुक्त सॉफ्टवेअरची परंपरा डेव्ह कॉफिन यांनी १९९७ मध्ये सुरू केलेल्या डीसीरॉ या एकहाती प्रकल्पापर्यंत जाते. लिबरॉ ही लायब्ररी त्याच्याच पायावर उभी आहे. आज वापरात असलेल्या दोघांपैकी रॉथेरपी हे गाबोर होर्व्हाथ यांनी सुरू केले आणि २०१० मध्ये ते मुक्त झाले. डार्कटेबल २००९ पासून चालू आहे. रॉथेरपीत डिमोझेकिंगच्या अनेक पद्धती हाताने निवडता येतात, म्हणून एखाद्या फोटोचा कस काढायचा असेल तेव्हा ते उत्तम. डार्कटेबलमध्ये मास्क, फोटोंची मांडणी आणि ग्राफिक्स कार्डाचा वापर आहे, पण मॉड्यूलांचा क्रम आणि उद्देश समजून घेतल्याशिवाय हाती काही लागत नाही. शिकायला वेळ देण्याची तयारी असलेल्या विद्यार्थ्याने डार्कटेबलपासून सुरुवात करावी. पैसे वाचतातच, शिवाय रॉ फाइलवर आत काय-काय होते ते एकेक पायरीने दिसते.

तुलना कशी करावी

सॉफ्टवेअर उघडल्यावर जे चित्र प्रथम दिसते त्यावरून निर्णय घेणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. त्या चित्रात प्रत्येक कंपनीने आपापला कॉन्ट्रास्ट, शार्पनिंग आणि रंगाचा मसाला आधीच घातलेला असतो. आधी तो काढावा लागतो.

आपल्याच कॅमेऱ्याच्या पाच अवघड फाइली निवडाव्यात: जवळून घेतलेला पैठणीचा पदर, आरतीच्या वेळचे रामकुंड, हळदीचा कार्यक्रम, पहाटे आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता) ६४०० वर घेतलेला नांदूरमध्यमेश्वरचा उडता पक्षी, आणि ऊन-सावलीतले मंदिर. पाचही विषयांबरोबर, जिथे शक्य असेल तिथे, ग्रे कार्डाचा, म्हणजे ठरावीक करड्या रंगाच्या पुठ्ठ्याचा, एक फोटो असावा. मग प्रत्येक कन्व्हर्टरमध्ये शार्पनिंग, नॉइज रिडक्शन आणि सगळे ‘ऑटो’ बंद करावे. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा पांढराच दिसावा म्हणून केलेली रंगजुळणी, कार्डावर क्लिक करून घ्यावा. दोन सॉफ्टवेअरमध्ये ५२०० केल्विन हा तोच आकडा टाकला तरी रंग जुळत नाहीत, कारण प्रत्येकाचे कोष्टक वेगळे असते. नंतर एक्स्पोजर असे सरकवावे की कार्डाचे मूल्य एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत (० ते २५५ पैकी) ११८ च्या आसपास येईल. १८ टक्के करड्याचे तेच मूल्य आहे. एवढे झाल्यावर १६ बिट टिफ (तपशील न गमावणारी मोठी चित्रफाइल) काढून १०० टक्के मोठे करून शेजारी-शेजारी पाहावे. २४ मेगापिक्सेलची अशी टिफ कॉम्प्रेशनशिवाय १४४ एमबी भरते, तेव्हा डिस्कवर जागा ठेवावी.

दुसऱ्या फेरीत प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये शक्य तितके चांगले चित्र बनवावे आणि त्याला लागलेला वेळ लिहून ठेवावा. शंभर फाइली एक्स्पोर्ट व्हायला किती वेळ लागतो हेही पाहावे. पहिली फेरी हिशेबाचा दर्जा सांगते, दुसरी रोजच्या कामाचा. व्यावसायिकाने दुसरीला अधिक वजन द्यावे.

कुठे काय बिघडते

दिव्यांभोवती किरमिजी डाग. रामकुंडावर सोडलेल्या पणत्यांची ज्योत किंवा आरतीची निरांजने सेन्सरला भरून टाकतात. दिवसाच्या उजेडात साधारणपणे हिरवा चॅनल, म्हणजे हिरव्या रंगाचे माप, आधी भरतो. व्हाइट बॅलन्स लावताना तांबड्या-निळ्याला गुणले जाते आणि भरलेला हिरवा तिथेच राहतो, म्हणून पांढऱ्याचा किरमिजी होतो. चांगला कन्व्हर्टर तिन्ही चॅनल एका पातळीवर छाटतो किंवा उरलेल्या चॅनलवरून हरवलेला भाग पुन्हा रचतो. डार्कटेबलमध्ये यासाठी ‘हायलाइट रीकन्स्ट्रक्शन’ मॉड्यूलमध्ये वेगवेगळ्या पद्धती आहेत. तिन्ही चॅनल भरले असतील तर मात्र तिथे माहितीच नसते, आणि कुठलेही सॉफ्टवेअर ती आणू शकत नाही.

हळदीचा सपाट पिवळा. गालावरची ओली हळद इतकी गडद असते की एसआरजीबीत निळ्या चॅनलचे मूल्य शून्यावर जाऊन बसते. मग लेपाचे थर, सुकलेल्या कडा, बोटांचे ठसे सगळे पुसले जाऊन एक पिवळा पट्टा उरतो. रॉमध्ये तपशील शाबूत असतो, रूपांतरात तो कापला जातो. सॅच्युरेशन सरसकट कमी केले तर नवरीचा चेहरा फिका पडतो. त्याऐवजी रंगपरीघ (दाखवता येणाऱ्या रंगांची मर्यादा) हळुवार दाबण्याची सोय असलेले सॉफ्टवेअर पाहावे, किंवा पिवळ्याची तेवढी चमक आणि गडदपणा वेगळा आवरावा. मंडपातल्या निळ्या एलईडीचेही असेच होते. तिथे त्वचेवर कडा तुटलेले जांभळे-काळे ठिपके येतात, आणि कॅमेरा प्रोफाइल बदलून पाहणे हा पहिला उपाय असतो.

पैठणीवरची लहर. रेशमाचा बारीक ताणाबाणा आणि काठाची जर सेन्सरच्या जाळीशी जवळजवळ जुळली की हिरव्या-गुलाबी लाटा उठतात. त्याला मॉइरे म्हणतात. लो-पास गाळणी (बारीक तपशील किंचित पसरवणारी) नसलेल्या कॅमेऱ्यांवर तो जास्त दिसतो. धूपछाव वाणाच्या साडीत तर मूळचे रंग बदलणे कुठले आणि मॉइरे कुठला हेच कळेनासे होते, म्हणून मॉइरेचा ब्रश काठापुरताच फिरवावा. यावर खरा उपाय फोटो काढतानाच होतो. अंतर थोडे बदलून दुसरी फ्रेम घेऊन ठेवावी.

चक्रव्यूहासारखी जाळी. रॉथेरपीतली अमेझ ही पद्धत कमी आयएसओवर बारीक तपशील फार चांगला काढते, पण नॉइज वाढला की सपाट भागात जाळीदार आकृती उमटवते. पहाटेच्या धुक्यातल्या पक्ष्यांसाठी एलएमएमएसई किंवा आयजीव्ही निवडावी. शिकवलेल्या न्यूरल नेटवर्कवर चालणारे नॉइज रिडक्शन, म्हणजे डीएक्सओचे डीपप्राइम किंवा अडोबीने २०२३ मध्ये दिलेले डीनॉइज, याहून पुढे जाते. त्याला ग्राफिक्स कार्ड दमदार लागते. पिसांवर त्याचा जोर पूर्ण लावू नये. नसलेली पिसे रेखली जातात, आणि पक्षी ओळखण्यासाठी फोटो वापरायचा असेल तर ते घातक आहे.

अकारण काळवंडलेली फाइल. कॅननचे हायलाइट टोन प्रायॉरिटी किंवा फुजीफिल्मचे डीआर४०० चालू असले की कॅमेरा मुद्दाम कमी एक्स्पोजर देतो आणि नंतर स्वतःच्या जेपेगमध्ये ते उचलून घेतो. कंपनीच्या सॉफ्टवेअरला हे माहीत असते, इतर काहींना नसते. रॉच वापरायच्या असतील तर हे पर्याय बंद ठेवणे सोपे.

सेटिंग, साठवण आणि एक्स्पोर्ट

रॉवर केलेले काम मूळ फाइलमध्ये लिहिले जात नाही, ते वेगळे साठवले जाते. रॉथेरपी पीपी३ फाइल बनवते, डीएक्सओ डॉप, डार्कटेबल एक्सएमपी. लाइटरूम ते कॅटलॉग या आपल्या नोंदवहीत ठेवते आणि सांगितल्यास एक्सएमपीतही. एक्सएमपी दोघांचे असले तरी एकाच्या सेटिंग दुसऱ्यात जशाच्या तशा उतरत नाहीत. तारे, की-वर्ड आणि क्रॉपइतपत माहिती नीट पुढे जाते, रंगाचे काम तसेच्या तसे नाही. म्हणून सॉफ्टवेअर बदलण्याआधी पूर्ण झालेल्या फोटोंच्या टिफ किंवा उत्तम दर्जाच्या जेपेग काढून ठेवाव्यात. एक्सएमपी युनिकोडमध्ये असल्याने ‘गोदाघाट’, ‘रहाड’ असे देवनागरी की-वर्ड बिनधास्त द्यावेत. आयपीटीसी या जुन्या पद्धतीच्या नोंदींत त्यांची प्रश्नचिन्हे होऊ शकतात, तेव्हा एक फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी.

मूळ रॉ जपण्याचा फायदा सिंहस्थाच्या संग्रहात स्पष्ट दिसतो. २०१५ च्या पर्वातल्या रॉ आजच्या डिमोझेकिंगमधून आणि नॉइज रिडक्शनमधून काढल्या तर रात्रीच्या मिरवणुकांचे फोटो तेव्हापेक्षा स्वच्छ निघतात. जेपेगवर ही संधी नाही. २०२६-२७ च्या पर्वासाठी काम करणाऱ्याने आधीच ठरवावे: मूळ रॉ दोन वेगळ्या डिस्कवर, सेटिंगच्या फाइली त्यांच्या शेजारी, कॅटलॉगचा बॅकअप तिसरीकडे.

अल्बमच्या लॅबला द्यायची फाइल ८ बिट, एसआरजीबी, ३०० डीपीआय जेपेग असावी. १२×३६ इंचांच्या पानाला ३,६००×१०,८०० पिक्सेल लागतात. आत काम करताना प्रोफोटो किंवा तसाच मोठा रंगपरीघ ठीक आहे, पण तीच फाइल लॅबला गेली आणि तिथल्या यंत्रणेने प्रोफाइल वाचले नाही, तर शालू मातकट आणि चेहरे फिके छापले जातात. मोठे काम देण्याआधी एक पान छापून घ्यावे आणि ते कॅलिब्रेट केलेल्या मॉनिटरशेजारी दिवसाच्या उजेडात धरून पाहावे.