भांडेवाडीचा एक टन: न निघालेला वायू मोजतात कसा?

‘हवामान बदलासाठी परदेशातून अब्जावधी डॉलर येतात म्हणे, मग नागपूरच्या वाट्याला काय आले?’ असे विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा दान असते. श्रीमंत देश मदत पाठवतात आणि ती वाटेत कुठेतरी मुरते, अशी समजूत. मुळात त्यातला फार थोडा पैसा दान असतो.

आकडे झटपट पाहून घेऊ. २००९ मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी कबूल केले की २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करू. तो आकडा पहिल्यांदा गाठला गेला २०२२ मध्ये. २०२४ च्या बाकू परिषदेत नवा आकडा ठरला, २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज. तो अपुरा आहे असे भारताने तिथल्या तिथे ठणकावून सांगितले, आणि ते बरोबरच होते. या पैशातला सरकारी वाटा घेतला तर त्याचे साधारण दोन तृतीयांश कर्ज असते. नागपूरकरांना याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. मेट्रोच्या पहिल्या टप्प्याला जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेचे ५० कोटी युरो आणि फ्रान्सच्या एएफडी या विकास संस्थेचे १३ कोटी युरो मिळाले, ते कर्ज म्हणूनच. मुदत लांबची आणि अटी सवलतीच्या, पण परतफेड युरोत. रुपया घसरला की हप्ता वाढतो.

कर्ज आणि अनुदान यांच्यापलीकडे पैशाचा तिसरा प्रकार आहे, आणि विज्ञानाच्या दृष्टीने खरी गंमत तिथे आहे. तुम्ही हवेत जाणारा एक टन कार्बन डायऑक्साइड, किंवा त्याच्या तोडीचा दुसरा वायू, रोखून दाखवायचा आणि दुसऱ्या देशाने किंवा कंपनीने त्या ‘न निघालेल्या’ टनाचे पैसे द्यायचे. हेच कार्बन क्रेडिट. १९९७ च्या क्योटो कराराने ही बाजारपेठ उघडली आणि २०१५ च्या पॅरिस कराराच्या कलम ६ ने तिची नवी घडी बसवली. पण जो वायू निघालाच नाही, तो तराजूत कसा टाकायचा? ते समजायला नागपूरचा कचरा जिथे टाकतात त्या भांडेवाडीच्या डम्पिंग यार्डवर जाऊ.

ढिगाच्या पोटात

उन्हाळ्यात भांडेवाडीला आग लागली की ‘कुणीतरी काडी लावली’ असे सर्रास म्हटले जाते. कधी तसे घडतही असेल. पण काडी कोणाचीही असो, इंधन ढिगातच तयार होत असते.

शहराचा रोजचा कचरा हजार-बाराशे टनांच्या घरात. त्यात मोठा हिस्सा ओला असतो: घरातले खरकटे, कॉटन मार्केटचा सडका भाजीपाला, कळमन्याच्या बाजारातली उतरलेली संत्री. हा माल ढिगात दाबला गेला की पहिले काही दिवस आतल्या हवेतला प्राणवायू सूक्ष्मजीव संपवून टाकतात. त्यानंतर प्राणवायूविना जगणाऱ्यांचे राज्य सुरू होते. एक गट पिष्टमय पदार्थ, प्रथिने आणि चरबी तोडून त्यांची साधी साखर आणि आम्ले करतो. दुसरा त्या आम्लांचे अॅसिटिक आम्ल, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड करतो. शेवटी येतात मिथेनजनक जीव. ते जिवाणूही नव्हेत, आर्किया नावाच्या वेगळ्या कुळातले आहेत. तेच यातून मिथेन हा ज्वलनशील वायू बनवतात.

हे शेवटचे कामगार फार नाजूक. सामू, म्हणजे आम्लता मोजणारा पीएच, ६.८ ते ७.४ च्या दरम्यान असला तर खूश, ६.५ च्या खाली गेला की काम बंद. आम्ल बनवणारे मात्र तेव्हाही जोरात असतात, त्यामुळे आम्ल साचत जाते आणि सगळे आंबून बसते. संत्र्याची साल इथे आणखी अडचण करते. तिच्या तेलातले लिमोनीन मिथेनजनकांना विषासारखे असते. म्हणून संत्र्याच्या हंगामात बायोगॅस संयंत्रात एकदम गाडीभर साली ओतल्या तर दोन-चार दिवसांत वायू मंदावतो आणि आंबट वास सुटतो. उपाय साधा आहे. खाद्य थांबवायचे, चुन्याची निवळी थोडी थोडी देत सामू वर आणायचा, चालू संयंत्रातली शेणाची रबडी विरजणासारखी टाकायची, आणि पुढे साली इतर ओल्या कचऱ्यात थोड्या प्रमाणातच मिसळायच्या. ‘आमचे कल्चर शिंपडा, दुर्गंधी आणि वायू दोन्ही गायब’ असे सांगणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या बाटल्या बाजारात भरपूर आहेत. ढिगाच्या आत प्राणवायू नाही, तोवर वरून काहीही शिंपडले तरी आतले रसायन बदलत नाही.

चाळीस किलो

आता हिशेब. हवामान बदलावरील आंतरसरकारी मंडळाने, म्हणजे आयपीसीसीने, यासाठी ठरवलेले गुणांक जगभर वापरतात. एक टन निव्वळ अन्नकचरा घ्या, १,००० किलो. त्यात कुजण्याजोगा कार्बन १५ टक्के, म्हणजे १५० किलो. त्यातला निम्माच प्रत्यक्षात कुजतो असे धरतात: ७५ किलो. ढीग पाच मीटरपेक्षा उंच, पण शास्त्रशुद्ध रचलेला नसेल तर काही भागात हवा शिरतेच, म्हणून ०.८ ने गुणायचे: ६० किलो. तयार होणाऱ्या वायूत निम्मा मिथेन, निम्मा कार्बन डायऑक्साइड: मिथेनच्या वाट्याला ३० किलो कार्बन. कार्बनचा अणुभार १२ आणि मिथेनचा रेणुभार १६, म्हणून ३० ला १६/१२ ने गुणले की ४० किलो मिथेन.

शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट तापवतो. चाळीस गुणिले २८ म्हणजे १,१२० किलो. ढिगावर टाकलेला एक टन अन्नकचरा आयुष्यभरात १.१२ टन कार्बन डायऑक्साइडइतके नुकसान करतो.

हा २८ चा आकडाही कायमचा नाही. क्योटोच्या पहिल्या पर्वात तो २१ होता, पुढे २५ झाला, आता पॅरिसच्या हिशेबात २८ आहे. तोच ढीग, तेच चाळीस किलो. पण २१ ने गुणले तर ८४० किलो भरतात. कुठल्याही प्रकल्पाचे जुने आणि नवे आकडे शेजारी ठेवताना हे पाहिले नाही तर फसगत ठरलेली.

हजार मिलिमीटरची रेघ

सगळ्यात मोलाचा भाग आता येतो. चाळीस किलो एका दिवसात निघत नाहीत. दर वर्षी उरलेल्या मालाचा एक ठरावीक हिस्सा कुजतो. किरणोत्सारी पदार्थ क्षय पावतो तेच गणित: किती उरले, त्याच्या प्रमाणात किती गेले. या वेगाला क्षयांक म्हणू. उष्ण प्रदेशासाठी आयपीसीसीने अन्नकचऱ्याचे दोन क्षयांक दिले आहेत. वार्षिक सरासरी पाऊस १,००० मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर ०.४, कमी असेल तर ०.०८५.

नागपूरची वार्षिक सरासरी हजाराच्या थोडीशी वर. शहर अगदी रेघेला लागून बसले आहे.

०.४ धरला तर अन्नकचरा निम्मा व्हायला पावणेदोन वर्षे लागतात, ०.०८५ धरला तर आठ वर्षांहून जास्त. पहिल्या वर्षात चाळीसपैकी किती किलो मिथेन निघाला? ओल्या प्रदेशाच्या हिशेबाने १३ किलो, कोरड्याच्या हिशेबाने ३ किलोच्या आसपास. दहा वर्षांत ओल्यात ३९ किलो, कोरड्यात २३ किलो. क्रेडिट मिळते ते त्या त्या वर्षी निघाला असता आणि निघाला नाही अशा मिथेनचे. पॅरिस कराराच्या नव्या यंत्रणेत प्रकल्पाला पाच वर्षांची मुदत मिळते आणि ती जास्तीत जास्त दोनदा वाढवता येते, नाहीतर एकदाच दहा वर्षे. त्यामुळे क्षयांक कोणता, यावर अख्ख्या प्रकल्पाचे उत्पन्न ठरते.

रुपयांत पाहू. टनाला ५०० रुपये भाव धरला, तर एका टन अन्नकचऱ्यामागे आयुष्यभराचे ५६० रुपये होतात. पहिल्या वर्षी हाती येतात ओल्या हिशेबाने सुमारे १८५ रुपये, कोरड्याने ४६. पुढच्या वजावटी अजून बाकीच आहेत.

सरासरीच्या या रेघेवर आक्षेप घेण्याजोगे बरेच आहे. विदर्भात पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये कोसळतो आणि मग ढीग आठ महिने वाळतो. मे महिन्यात वरचा थर खडखडीत कोरडा असतो, सूक्ष्मजीव झोपलेले असतात. वर्षभर रिमझिम पडणाऱ्या ठिकाणचा हजार मिलिमीटर आणि नागपूरचा हजार मिलिमीटर एक नव्हे. म्हणून ०.४ हा आकडा नागपूरला थोडा उदारच म्हणावा लागेल, असे माझे मत. क्रेडिटचा हिशेब पडताळणारा जो तपासनीस हे विचारणार नाही, त्याच्या अहवालावर विश्वास ठेवू नये.

नळीपासून ज्योतीपर्यंत

वायू रोखायचे मार्ग दोन. पहिला, जुन्या ढिगात विहिरी घ्यायच्या, छिद्रांच्या नळ्या सोडायच्या, ब्लोअरने ओढ लावून वायू एका ठिकाणी आणायचा आणि जाळायचा. मिथेन जळून कार्बन डायऑक्साइड झाला, की एका किलोचे २.७५ किलो होतात. पण तो कार्बन धान्या-भाजीने हवेतूनच घेतलेला असल्याने हिशेबात धरत नाहीत.

इथे बिघडते ते असे. पावसाळ्यात विहिरीत लीचेट, म्हणजे कचऱ्याचे काळे पाणी, भरते. नळीची छिद्रे बुडतात आणि वायू येणेच बंद होते, म्हणून प्रत्येक विहिरीला पाणी उपसायची सोय हवी. उन्हाळ्यात वरच्या मातीला भेगा पडतात. ब्लोअरची ओढ तशीच ठेवली तर त्या भेगांतून हवा आत खेचली जाते, मिथेनजनक मरतात, आणि तापलेल्या ढिगाला प्राणवायू मिळून आतल्या आत धुमसणे सुरू होते. हवेत मिथेन ५ ते १५ टक्के असला की मिश्रण स्फोटक होते. विहिरीच्या तोंडाशी प्राणवायू चढताना दिसला की त्या विहिरीचा व्हॉल्व्ह लगेच आवळायचा. अशी व्यवस्था नसलेल्या ढिगावर उन्हाळ्यातली आग हा अपघात म्हणता येत नाही.

मोजणीचे नियमही कडक आहेत. उघड्या ज्योतीत जाळला तर मापन न करता फक्त ५० टक्के मिथेन नष्ट झाला असे धरतात; बंदिस्त ज्योत, तीही ठरावीक तापमानाच्या वर चालू असेल, तर ९० टक्के. तापमानाची नोंद नसलेला तास शून्य. प्रवाहमापकाची तपासणी मुदतीत झाली नाही, तर त्या काळातल्या सगळ्या आकड्यांतून मापकाची कमाल चूक वजा होते. अनेक प्रकल्पांचे क्रेडिट कागदावरच्या अंदाजापेक्षा खूप खाली येते ते अशाच कारणांनी.

दुसरा मार्ग जास्त शहाणपणाचा: ओला कचरा ढिगावर जाऊच द्यायचा नाही, थेट बंद टाकीत बायोगॅस करायचा. इथे सगळी मदार वजनकाट्यावर आणि दर तिमाहीच्या नमुन्यांवर असते. गाडीत बांधकामाचा मलबा किंवा माती मिसळली तर काट्यावर टन वाढतात, पण मलब्यात कुजणारा कार्बन नसतो. पन्नास टक्के माती म्हणजे चाळीस किलोचे वीस. घरात ओला-सुका वेगळा केलेला कचरा पुढे एकाच गाडीत एकत्र होतो, तेव्हा क्रेडिटही तिथेच मातीत जाते.

आणि एक अट सगळ्यांत अवघड. क्रेडिट विकणाऱ्याने दाखवावे लागते की हे पैसे नसते तर काम झालेच नसते. पण २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांपासूनच ओला कचरा वेगळा करून त्यावर प्रक्रिया करणे बंधनकारक आहे. जे कायद्याने करायचेच आहे त्याचे पैसे कोणी का द्यावेत? खरेदीदाराचा हा प्रश्न रास्त आहे. उत्तर द्यायचे तर महापालिकेला दाखवावे लागेल की कायद्याने सांगितले त्यापेक्षा आपण नेमके किती जास्त करत आहोत.

सध्या ‘बांधावर झाडे लावा, कार्बन क्रेडिटचे लाखो रुपये मिळवा’ असे निरोप विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या मोबाइलवर फिरतात. जोमदार झाड वर्षाला दहा-वीस किलो कार्बन डायऑक्साइड शोषते. एका टनाला पन्नास ते शंभर झाडे आणि अख्खे वर्ष. वरच्याच भावाने ते पाचशे रुपये झाले, तेही नोंदणी आणि तपासणीचा खर्च न धरता. भावाची तर खात्रीच नसते. क्योटोच्या बाजारात २००८ मध्ये टनाला वीस युरोंच्या आसपास मिळत होते, २०१२ संपताना एक युरोही मिळेना. आगाऊ पैसे मागणाऱ्याला सरळ परत पाठवावे.

टन कोणाच्या खात्यात?

पॅरिस कराराने एक जुनी पळवाट बुजवली. भारताने एखादा टन जपानला विकला, तर भारताने तो आपल्या खात्यातून वजा करायचा. एकच टन दोन्ही देशांनी मिरवायचा नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये भारत आणि जपान यांच्यात अशा देवाणघेवाणीचा करार झालाही आहे. २०३० पर्यंत अर्थव्यवस्थेची उत्सर्जन तीव्रता, म्हणजे दर रुपयाच्या उत्पादनामागे निघणारा वायू, २००५ च्या तुलनेत ४५ टक्क्यांनी कमी करण्याचे भारताचे वचन आहे. स्वस्तात होणारे टन विकून टाकले, तर ते वचन पाळायला महागडे टन आपल्याच माथी उरतील. म्हणूनच फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राने विकता येणाऱ्या कामांची छोटी यादी काढली: हरित हायड्रोजन, समुद्रातली पवनऊर्जा, साठवणुकीसह सौरऊर्जा अशी महाग कामे. कचऱ्याच्या कामातले त्या यादीत आहे ते कॉम्प्रेस्ड बायोगॅस, म्हणजे शुद्ध करून दाबाखाली भरलेला, वाहनात चालणारा वायू. साधे कंपोस्ट खत नाही. तेव्हा कळमन्याच्या सडक्या मालाचा टन जपानला विकायचा असेल, तर तो खतखड्ड्यात न जाता टाकीतून सिलिंडरपर्यंत पोहोचावा लागेल. खतखड्ड्यातला टन भारताच्याच खात्यात राहील.