तेल पडद्यापलीकडे जात नाही

मे महिन्यातल्या दुपारी कोल्हापुरात पंचगंगेच्या घाटावर पोरं एका पायावर लंगडी घालताना हमखास दिसतात. मान एका बाजूला कललेली, तळहात कानावर. काही जण उन्हात तापलेला चपटा दगड कानाला लावून बसलेले असतात. मुटका मारून वर आल्यावर कानात राहिलेलं पाणी काढायचे हे उपाय त्यांना कुणी शिकवलेले नाहीत, मोठ्या पोरांचं बघून ते आलेले आहेत. यातले बरेचसे विज्ञानाच्या कसोटीला उतरतात. घरी गेल्यावर लसणाची पाकळी कडकडवलेलं कोमट तेल कानात पडतं, ते मात्र उतरत नाही.

कानाची नळी मोठ्या माणसात साधारण अडीच सेंटीमीटर लांब असते. ती सरळ नसून किंचित वळण घेत आत जाते आणि पडद्याशी संपते. पडदा जेमतेम एक सेंटीमीटर रुंद आणि मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका पातळ. पण धडधाकट असेल तर पाणी, तेल, औषध, काहीही त्याच्या पलीकडे जाऊ देत नाही. म्हणून कानात पाणी अडकलंय असं वाटलं, की ते पडद्याच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे आधी ठरवायला हवं. अलीकडचं पाणी बाहेरून आलेलं असतं आणि त्यावर घरी काही करता येतं. पलीकडचं पाणी शरीराने स्वतः तयार केलेलं असतं. त्यावर कानात काहीही ओतून उपयोग नाही.

आधी अलीकडचं. एवढासा थेंब उताराला लागूनही बाहेर का येत नाही? एक तर पृष्ठताणामुळे तो नळीच्या भिंतींना चिकटून राहतो. दुसरं, थेंब आणि पडदा यांच्यामध्ये हवा कोंडलेली असते. शहाळ्यातला स्ट्रॉ वरून बोटाने दाबून उचलला की आतलं पाणी पडत नाही, तसंच हे. थेंब खाली सरकायला लागला की मागची हवा विरळ होते आणि त्याला मागे ओढून धरते. २०१९ साली अमेरिकेत कॉर्नेल आणि व्हर्जिनिया टेक इथल्या संशोधकांनी काचेच्या आणि थ्रीडी प्रिंट केलेल्या नळ्या घेऊन हेच तपासलं. नळी जितकी अरुंद, तितका जोराचा हिसका लागतो. लहान मुलाच्या कानाएवढ्या नळीतून थेंब सुटायला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे दहापट प्रवेग लागला. एवढ्या जोराने बाळाचं डोकं हलवणं मेंदूला धोक्याचं आहे. मोठ्या पोरांनी खुशाल लंगडी घालावी, पण तान्ह्या बाळाला पालथं धरून झटकायचं नाही.

मग काय करायचं? तो कान खाली करून कुशीवर पडायचं आणि कानाची पाळी (म्हणजे बाहेर दिसणारा अख्खा कान) वर आणि मागे ओढायची, म्हणजे नळीचं वळण सरळ होतं. लहान मुलांत पाळी खाली आणि मागे ओढावी लागते. तळहात कानावर हलकेच दाबून सोडला की बाहेरून ओढ बसते. जुनी पोहणारी माणसं अडकलेल्या पाण्यावर आणखी चूळभर पाणी कानात घेतात आणि मान झटकन उलटी करतात. ऐकायला उफराटं वाटेल, पण अडकलेला थेंब मोठ्या पाण्यात मिसळला की सगळंच घरंगळून येतं. तापलेला दगडही अगदीच अडाणीपणाचा नाही, कारण उष्णतेने पाणी उडतं आणि पृष्ठताणही थोडा घटतो. दगडाऐवजी हेअर ड्रायर वापरायचा तर सगळ्यात मंद सेटिंगवर आणि कानापासून हातभर लांब.

आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पांढरा व्हिनेगर समप्रमाणात मिसळून त्याचे दोन-चार थेंब टाकण्याचा उपाय जगभरचे पोहणारे करतात. अल्कोहोलने पृष्ठताण कमी होतो आणि पाणी लवकर सुकतं, तर व्हिनेगरने नळीचा मूळचा आम्लपणा टिकतो. अट एकच आणि ती कडक आहे: पडद्याला भोक नसावं, कान वाहत नसावा, दुखत नसावा. कधीकाळी कान फुटला असेल तर या वाटेला जाऊच नका.

तेलावर माझा राग नाही. सुकून घट्ट झालेला मळ मऊ करायला ते चांगलं आहे. पण ओल्या कानात तेल टाकलं की ओल आतच राहते, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात, जिथे वाळत घातलेले कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, तिथे बुरशीला आणखी काय हवं? आत ओल्या वर्तमानपत्राच्या लगद्यासारखं काहीतरी आणि त्यावर काळे ठिपके दिसले, की डॉक्टर ॲस्परजिलस बुरशी ओळखतात. लसूण तर नाजूक कातडी सरळ भाजतो. बरं, तेल गार असलं तरी पंचाईत. शरीराच्या तापमानापेक्षा गार किंवा गरम द्रव नळीत गेला की आतल्या कानाच्या तोल सांभाळणाऱ्या नलिकांमधलं द्रव हलतं आणि भोवळ येते. याच निरीक्षणावरून पुढे गेलेल्या कामासाठी रॉबर्ट बाराणी यांना १९१४ चं नोबेल मिळालं.

काडी, हेअरपिन, किल्ली, इअरबड यांतलं काही घालू नका. यांनी पाणी निघत नाही, मळ आत ढकलला जातो आणि नळीचं कातडं खरचटतं. त्या ओल्या खरचटीत सुडोमोनास नावाचे जिवाणू वाढले, की पाळी नुसती ओढली तरी माणूस कळवळतो. साखर असलेल्या वयस्कर माणसाचा कान असा रात्री ठणकायला लागला तर सकाळीच डॉक्टर गाठावा, त्यांच्यात हा संसर्ग हाडापर्यंत जाऊ शकतो. पोहून आल्यावर कान एकदम ठार बंद झाला तर बऱ्याचदा दोष पाण्याचा नसून पाणी पिऊन फुगलेल्या मळाचा असतो. तो दवाखान्यात काढून घ्यावा. आणि पाण्यात न जाताच एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर पाणी गेलं असेल म्हणून आठवडा घालवू नका. ती नसेची तातडीची अडचण असू शकते आणि तिचे उपचार पहिल्या काही दिवसांतच लागू पडतात.

आता पलीकडचं पाणी. पडद्यामागे मधल्या कानाची छोटी पोकळी असते, चमचाभरही पाणी मावणार नाही एवढी. तिथून एक नळी नाकाच्या मागे उघडते. सोळाव्या शतकातल्या इटालियन शरीरशास्त्रज्ञ युस्टाची यांच्या नावाने ती ओळखली जाते. एरवी ही नळी मिटलेली असते. आपण गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा टाळूचा एक स्नायू तिला क्षणभर उघडतो आणि आतबाहेरचा दाब सारखा होतो. गगनबावड्याहून करूळ घाटाने कोकणात उतरताना हे नीट कळतं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, आणि दर शंभर मीटर उतरलं की हवेचा दाब एक-सव्वा टक्क्याने वाढतो. पडदा आत दाबला जातो, कानाला दडे बसतात, आवंढा गिळला की सुटतात. सर्दीने सुजलेली नळी मात्र उघडतच नाही. कोंडलेली हवा आतलं अस्तर शोषून घेतं, पोकळीतला दाब घटतो आणि अस्तरातून पाणी पाझरू लागतं. घाटात पोराच्या तोंडात चिक्कीचा तुकडा द्यायचा तो यासाठी.

हे लहान मुलांत जास्त होतं, कारण त्यांची ही नळी मोठ्यांच्या निम्मीच आणि जवळजवळ आडवी असते. नाकाच्या मागे वाढलेली ॲडेनॉइडची गाठ असेल तर आणखीच. दुखत नाही, ताप नाही. फक्त पोरगं टीव्हीचा आवाज वाढवतं, हाक मारली तर लक्ष देत नाही, आणि शाळेतून 'लक्ष नसतं' म्हणून चिठ्ठी येते. पडद्यामागे साचलेलं हे द्रव हळूहळू डिंकासारखं घट्ट होतं आणि ऐकणं पंचवीस-तीस डेसिबलने कमी करतं, म्हणजे मागच्या बाकावर बाईंचा आवाज पुसट. पोराला रागवण्याआधी कान तपासून घ्या, एवढंच म्हणेन.

इथे तेल, कांद्याचा रस, कानात पेटवायची मेणबत्ती, सगळं पडद्याच्या चुकीच्या बाजूला राहतं. सर्दीच्या गोळ्या आणि अँटिबायोटिक्सनेही हे पाणी ओसरण्यात विशेष फरक पडत नाही, हे आता बऱ्यापैकी पक्कं आहे. वाफेने नाक मोकळं वाटेल, पण लहान मुलांना उकळत्या भांड्यावर वाकवून भाजण्याच्या घटना होतात. बहुतेक मुलांत पाणी तीन महिन्यांत आपोआप जातं, म्हणून डॉक्टर 'थांबू या' म्हणतात. तो टाळाटाळपणा नव्हे. मधल्या काळात घरात विडी-सिगारेट बंद, आणि बाळाला आडवं ठेवून बाटलीने दूध नको.

खरोखरचा घरगुती म्हणावा असा एक उपाय आहे, फुग्याचा. एक नाकपुडी दाबून दुसरीने खास फुगा फुगवायचा, म्हणजे मागची नळी उघडते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत शाळकरी ३२० मुलं घेतली होती. एका महिन्यानंतर फुगा वापरणाऱ्यांपैकी ४७ टक्के मुलांच्या कानाची चाचणी पूर्ववत झाली, न वापरणाऱ्यांत ३६ टक्के. जादू नाही, पण थोडाफार फायदा आहे. नाक गच्च असताना जोर लावू नये. तीन महिन्यांनंतरही ऐकू कमी येत असेल तर पडद्याला चीर देऊन ग्रोमेट नावाची बारीक नळी बसवतात. ती बहुधा सहा महिने ते वर्षभरात आपसूक गळून पडते.

मोठ्या माणसाच्या एकाच कानात असं पाणी साचलं आणि हटेना, तर नाकाच्या मागची जागा दुर्बिणीने बघून घ्यायलाच हवी. क्वचित तिथे गाठ असते.

कोल्हापुरात कानातल्या पाण्यावर लिहायचं आणि पैलवानाचा कान सोडायचा, हे काही बरोबर नाही. कुस्तीत कान घासला, मुरगळला की कूर्चा (कानाला आकार देणारं मऊ हाड) आणि तिच्यावरचं आवरण यांच्यात रक्त आणि पाणी भरतं. पाळी टम्म फुगते. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत, तिचं पोषण त्या आवरणातूनच होतं. ते सुटलं की कूर्चा उपाशी मरते आणि मग वेडीवाकडी नवी कूर्चा तयार होते. तोच तालमीतला मोडलेला कान. हळदीचा लेप इथेही बाहेरच राहतो. तालमीत सिरिंज टोचून रक्त काढतात, त्यात दोन घोटाळे: जंतू आत जातात, आणि दाब दिला नाही तर रक्त पुन्हा भरतं. पहिल्या दोन-तीन दिवसांत निर्जंतुक साधनांनी निचरा करून, पाळीच्या दोन्ही बाजूंना गाद्या ठेवून टाका घातला आणि आठवडाभर दाब टिकवला, तर कान पूर्ववत राहू शकतो. तोवर कुस्तीच्या हौद्यात उतरायचं नाही. ही अट डॉक्टरांनी घालण्यापेक्षा वस्तादांकडून घालून घ्यावी, डॉक्टरचं पैलवान ऐकत नाही.