सजग स्वप्न

स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असे भान स्वप्न पाहणाऱ्यास येते, अशा स्वप्नास सजग स्वप्न म्हणतात. स्वप्नातील घटनांवर ताबा असणे हे त्याचे आवश्यक लक्षण नव्हे. भान येऊनही प्रसंग आपल्या गतीने घडत राहिल्याची वर्णने पुष्कळ आहेत.

झोपेत मनाचा एखादा अंश समोरचे दृश्य केवळ स्वप्न असल्याचे सांगतो, असे ॲरिस्टॉटलने नोंदविले आहे. तिबेटी बौद्ध परंपरेत स्वप्नयोग ही साधना भारतीय बौद्ध सिद्ध नारोपा (सामान्यतः अकरावे शतक) याच्या सहा योगांत गणली जाते. पतंजलीच्या ‘स्वप्ननिद्राज्ञानालम्बनं वा’ (१.३८) या सूत्राशीही या अनुभवाचा संबंध जोडण्यात येतो, मात्र तेथे विषय चित्तस्थैर्याच्या आलंबनाचा (आधाराचा) असल्याने हा अर्थ काहीसा ओढून आणलेला वाटतो. फ्रान्समधील एर्वे द सँ-दनी (१८६७) आणि डच मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक व्हान एडन (१९१३) यांनी स्वतःच्या स्वप्नांच्या दीर्घकालीन नोंदींवरून या विषयाची मांडणी केली.

प्रयोगशाळेतील पुराव्याचा पहिला मान कोणाचा, याविषयी मतभेद आढळतात. शीघ्र नेत्रगती निद्रेत (मिटल्या पापण्यांआड डोळे वेगाने हलतात व ठळक स्वप्ने पडतात, त्या झोपेच्या अवस्थेत) शरीराचे बहुतेक ऐच्छिक स्नायू शिथिल पडतात, परंतु डोळे हलविणारे स्नायू त्याला अपवाद असतात. त्यामुळे भान येताच डोळे ठरल्याप्रमाणे डावी-उजवीकडे फिरवून खूण करण्याची युक्ती कीथ हर्न यांनी १९७५ मध्ये इंग्लंडमधील हल विद्यापीठात योजिली आणि निद्रिताची ती खूण नेत्रहालचालींच्या आलेखावर उमटली. स्टॅनफर्ड विद्यापीठातील स्टीव्हन लाबर्ज यांनी हीच पद्धत स्वतंत्रपणे वापरून निष्कर्ष १९८१ मध्ये प्रसिद्ध केले व श्रेय बहुधा त्यांच्याकडेच गेले. कालानुक्रमे पाहता हर्न यांचा दावा अधिक सबळ ठरतो, तर विषयाला शास्त्रीय मान्यता मिळवून देण्याचे काम मुख्यतः लाबर्ज यांचे होय. निद्रित व्यक्ती क्षणभर जागी होत असावी, हा आक्षेप खुणेच्या वेळीही स्नायूंची शिथिलता टिकून राहिल्याचे दिसल्याने दुबळा झाला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तर आठातून सहा वजा किती, या प्रश्नाचे उत्तर निद्रिताने डोळे दोनदा फिरवून दिले. मेंदूतील सुमारे ४० हर्ट्‌झच्या लहरींना या अवस्थेचे लक्षण मानणारे मत (२००९) मात्र जपून घ्यावे लागते, कारण डोळ्यांच्या स्नायूंच्या विद्युत् हालचालींमुळेही तसाच आलेख मिळू शकतो.

पहाटे काही वेळ जागे राहून पुन्हा झोपणे आणि झोपताना ‘स्वप्न ओळखेन’ असा संकल्प करणे हे प्रचलित उपाय आहेत. वारंवार पडणाऱ्या दुःस्वप्नांवरील उपचारातही या अवस्थेचा उपयोग करून पाहण्यात आला आहे.